हजर छत्तीस, उत्तरं सदतीस

बेहाला, कोलकाता
७ जुलै २०२५

नूपुर,

आशीर्वाद आहेतच, घ्यायचे की नाही ते तू ठरव. माझा नंबर तू तुझ्या फोनवर बंद करून ठेवला आहेस, पण पत्र बंद करायची सोय पोस्टानं अजून काढलेली नाही. म्हणून तीन वर्षांतलं हे पाचवं पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. दहाव्या वर्षी सांगलीहून इथे आलेल्या आणि पुढे इंग्रजी-बंगालीत वाढलेल्या मुलीला मराठी वाचताना घाम फुटतो, हे मला ठाऊक आहे.

बातमी अशी की तुझा बाप सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झाला. जूनअखेर आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी फर्मान काढलं की यापुढे प्रत्येक विषय स्लाइडवर शिकवायचा, आणि स्लाइड नुसती दाखवायची नाही, मुलांनी तिला उत्तर द्यायला हवं. वर्गात चाळीस टॅब आले. मुलं त्यात वर्गाचा कोड टाकतात, मी पडद्यावर प्रश्न लावतो, ती टॅबवर बोट दाबतात आणि किती जणांनी काय दाबलं त्याचे रंगीत खांब पडद्यावर उभे राहतात. मी म्हटलं, हे गणित आहे, सिनेमा नाही. मॅडम म्हणाल्या, बापटसर, सिनेमात प्रेक्षक झोपत नाहीत.

मला शिकवायला मृणाल आहे. इथे मृणाल हे पुरुषाचं नाव असतं हे तुला सांगायला नको. मला मात्र अजून त्याला हाक मारताना चमत्कारिक वाटतं. सत्तावीस वर्षांचा आहे, कॉम्प्युटर शिकवतो, आणि माझ्यापुढे त्याचं शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आज नववी ब वर पहिला प्रयोग केला. एक समीकरण चार ओळींत सोडवून दाखवलं, शेवटच्या ओळीत मुद्दाम चूक ठेवली आणि विचारलं, चूक कोणत्या ओळीत आहे? हात वर करा म्हटलं की एरवी पुढच्या बाकांवरचे पाच हात वर येतात आणि त्यांच्या जिवावर मी पुढे जातो. आज खांब उभे राहिले तर निम्म्याहून जास्त वर्गानं दुसरी ओळ दाबली होती. ती अगदी बरोबर होती. बाहेर उणे चिन्ह असलं की कंस सोडवताना आतली चिन्हं बदलतात, हे त्यांना कळलेलंच नव्हतं. मी एकतीस वर्षं हे शिकवतो आहे. या एकतीस वर्षांत किती जण नुसते मान हलवून घरी गेले असतील कोण जाणे.

आणखी एक गंमत. उत्तरं आली सदतीस आणि वर्गात मुलं होती छत्तीस. मी दोनदा मोजली. मृणाल म्हणतो, कोणीतरी दोन टॅब घेतले असतील. नावं दिसत नाहीत. मुलांनीच मागितलं होतं की नावं नकोत, म्हणून ती लपवली, आणि एकदा लपवली की मलासुद्धा दिसत नाहीत.

पडद्याचा फोटो काढून तुझ्या आईला पाठवला. ती माझ्याकडचे फोटो पुढे कुठे पाठवते ते मला माहीत नाही, असं आपण समजू.

बाबा

१९ जुलै

नूपुर,

माझं डोकं चालेनासं झालं आहे, म्हणून लगेच लिहितो आहे.

परवा हजर अडतीस, उत्तरं एकोणचाळीस. त्याआधी पाऊस होता तेव्हा हजर पस्तीस, उत्तरं छत्तीस. मी प्रत्येक बाकाशी जाऊन टॅब मोजले. प्रत्येकाकडे एकच टॅब होता. फोन तर मुलांना शाळेत आणताच येत नाही. मृणालनं आधी सॉफ्टवेअरला दोष दिला, मग म्हणाला, सर, या इमारतीत एक जुना हेडमास्तर फिरतो असं म्हणतात. हेडमास्तर असता तर त्याची उत्तरं बरोबर तरी आली असती. हे जास्तीचं उत्तर दर दोनात एकदा चुकतं.

आणि ते नेहमी सगळ्यांच्या मागून येतं. बाकीच्यांची आली की मी मनात दहापर्यंत मोजतो आणि मग हळूच एका खांबाची उंची वाढते. गुरुवारी मृणालच्या सांगण्यावरून शेवटची स्लाइड मोकळी ठेवली होती. काय कळलं नाही ते दोन शब्दांत लिहा. मुलांनी ‘सगळंच’, ‘काहीच नाही’, ‘भूक लागली’ असलं लिहिलं. सगळ्यात शेवटी इंग्रजीत एक ओळ आली. तिचं मराठी असं: माझं व्हायच्या आधी तुम्ही पुढे जाता.

ही ओळ मी या घरात ऐकलेली आहे. नववीत तू माझ्याच वर्गात होतीस आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर माझ्याचकडून गणित शिकायचीस. बाबा, माझं व्हायच्या आधी पान उलटू नका. मी उलटायचो.

मग मला फोटो आठवला. त्यात पडद्याच्या कोपऱ्यात वर्गाचा कोड दिसतो. तो कोड वर्षभर तोच असतो आणि तो ज्याच्याकडे आहे त्याला कुठूनही, साध्या फोनवरून वर्गात बसता येतं. पहिल्या दिवशीचं जास्तीचं उत्तर फोटोच्या आधी आलं होतं, तेव्हा तो आकडा मीच चुकीचा मोजला असेन.

नूपुर, तू आहेस का? नाशिकला तुझ्या सायकलच्या दुकानात सकाळी अकरा वाजता गिऱ्हाईक नसतं का?

तू असलीस तर राग धरून बसण्यात काय मतलब आहे? इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष सोडून गेलीस तू. पुढे इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पंगत चालू असताना निघून गेलीस तू, दीडशे माणसं बघत होती. मी काही तुला जा म्हणालो नव्हतो.

जाऊ दे. वर्गाची कामं पडली आहेत. पियाली नस्कर नावाची एक मुलगी जूनअखेरपासून येत नाही. तीस दिवस न कळवता गैरहजर राहिलं की नाव कापतात, त्या यादीचं बघायचं आहे. ताप असेल, नाहीतर मामाकडे गेली असेल. शेवटची आठवते ती फळ्यापाशी उभी असलेली.

बाबा

३० जुलै

नूपुर,

मी आता प्रत्येक प्रश्नानंतर थांबतो. सगळी उत्तरं आली तरी थांबतो. मुलं चुळबुळतात, पुढच्या बाकावरचा तन्मय तर घड्याळ दाखवतो. मी म्हणतो, एक यायचं आहे. ते एक आलं की पुढे जातो.

त्यापायी एक विचित्र गोष्ट झाली. वर्ग सुधारला. मागच्या बाकावरची मुलं थांबलेल्या वेळात आपलं उत्तर बदलू लागली, शेजारच्याशी भांडून बदलू लागली. काल एका प्रश्नावर आधी बावीस चुकले होते. मी म्हटलं, शेजाऱ्याला पटवा. दोन मिनिटं नुसता मासळीबाजार, आणि दुसऱ्या वेळी चुकले फक्त सात. मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या. आता ऑगस्टअखेर सॉल्ट लेकला शिक्षकांची कार्यशाळा आहे, तिथे ‘मुलांना बोलतं करणाऱ्या स्लाइड्स’ यावर मी बोलायचं आहे. मी. मृणाल इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

त्या शिक्षकांना मी काय सांगू? हे सगळं मी माझ्या मुलीसाठी करतो आणि चाळीस मुलांचं त्यात आपोआप भलं होतं, हे सांगता येण्यासारखं आहे का? स्लाइड बनवताना माझ्या डोळ्यांपुढे नववी ब नसतेच. सायकलच्या चाकाचा परीघ काढायची उदाहरणं मी कशाला घातली असती? त्या दिवशी जास्तीचं उत्तर चुकलं आणि मला दिवसभर चुटपुट लागली. सायकलीचं काम करणारीला परीघ चुकावा? मग वाटलं, मुद्दाम चुकली असेल. माझी परीक्षा घेत असेल.

तुझ्या आईला सरळ विचारायचं धाडस होत नाही. तुमचे फोन स्वयंपाकघरात होतात, कुकरच्या शिट्टीआड. मी पेपर वाचतो. काल आडून विचारलं, नूपुरला माझ्या त्या स्लाइड्सचं काही वाटलं का गं? ती म्हणाली, कणीक मळते आहे, नंतर. नंतर ती झोपली.

खरं सांगू, मला नक्की काहीच कळत नाही. तू आहेस असं धरून चाललो की सगळं जुळतं, आणि तू नाहीस असं धरलं तरी काही अडत नाही. मुलांना मी सांगतो की असं झालं तर माहिती अपुरी आहे, उत्तर काढू नका. मी मात्र काढून बसलो आहे.

बाबा

८ ऑगस्ट

नूपुर,

आज मी ते केलं. अक्षर गोड मानून घे.

तास संपताना एक मोकळी स्लाइड लावली. प्रश्न गणिताचा नव्हता. तुम्ही एखादी जागा सोडून गेलात, तर काय केलं म्हणजे परत याल? मुलांना वाटलं सर आज गमतीत आहेत. उत्तरं पडद्यावर टपाटप पडायला लागली. टिफिनला फुचका (मी अजून पाणीपुरीच म्हणतो) मिळाला तर. गणित बंद केलं तर. बिर्याणी. मेट्रो शाळेच्या दारात आली तर. वर्ग हसत होता आणि मी थांबलो होतो. दहापर्यंत मोजले, मग वीसपर्यंत.

मग ते आलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले की चूक माझी नव्हती, तर.

मी पडद्याकडे बघत उभा राहिलो. सगळ्यांसमोर. हे दुसरं कोण लिहील?

आता १९ जुलैच्या पत्रातलं खोटं दुरुस्त करतो. तू पंगतीतून उठली नव्हतीस, तू वाढत होतीस. नाशिकहून मुद्दाम गणपतीसाठी आली होतीस, हातात मठ्ठ्याचा जग होता. मंडळातल्या सलील देवधरांनी मला विचारलं, मुलगी काय करते सध्या? आणि मी मोठ्यानं, चार ओळींना ऐकू जाईल असं म्हणालो, “आम्हाला मुलगी नाही. होती ती पंक्चर काढायला गेली.” लोक हसले. तू माझ्यापासून दोन पानं पलीकडे होतीस. तू जग खाली ठेवलास आणि चप्पल न घालता निघालीस. मी पानावरचा भात संपवला. तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की तू गेलीस. मी तुझं नाव कापलं होतं, दीडशे लोकांसमोर, आणि वर जेवलो.

तर आज मी वर्गाकडे तोंड केलं. मराठीत बोलून उपयोग नव्हता, बंगाली मला धड येत नाही, तेव्हा इंग्रजीतच म्हणालो, चूक तुझी नव्हती. चूक माझी होती. मी तुझी सगळ्यांसमोर थट्टा केली, आणि मी तुझी माफी मागतो. हात जोडले. शर्वरी नावाची एक मुलगी रडायला लागली, का ते मला कळलं नाही.

आता तरी ये. गणपतीला ये, नाहीतर आधी ये. मी कोणाला काही म्हणणार नाही.

घाईत आहे. नावं कापायच्या यादीवर सही करून ती ऑफिसात द्यायची आहे, आणि सहाच्या आत हे पाकीट टाकायचं आहे.

बाबा

१२ ऑगस्ट

नूपुर,

हे पत्र कसं लिहायचं ते कळत नाही, म्हणून घडलं तसं लिहितो.

काल, सोमवारी, तिसऱ्या तासाला दारात एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, गणवेश थोडा आखूड झालेला. ती म्हणाली, “सर, आमी एशेछि.” मी आले. मी म्हटलं, बस. मला वाटलं उशीर झाला असेल. स्लाइड लावली, प्रश्न विचारला, उत्तरं मोजली. एकोणचाळीस. मुलं मोजली. तीही एकोणचाळीस. मी दहापर्यंत मोजले, वीसपर्यंत, पन्नासपर्यंत. तन्मय म्हणाला, सर, सगळ्यांची आली. तेव्हा मी त्या मुलीकडे पुन्हा बघितलं.

पियाली नस्कर.

तास संपल्यावर तिला थांबवलं. शर्वरीही तिच्याबरोबर थांबली. शर्वरी तिची मैत्रीण; वर्गात आधीच लावलेला कोड तिनंच हिला दिला होता, आणि शुक्रवारची माझी माफीही तिनंच जाऊन सांगितली होती. पियालीच्या वडिलांचा दप्तरं शिवायचा छोटा कारखाना आहे. तिथे माळ्यावर बसून, वडिलांच्या फोनवर, ती महिनाभर माझ्या वर्गाला हजर होती. मी विचारलं, शाळेत यायचं नव्हतं तर हे तरी कशाला? ती म्हणाली, तिथे कोण चुकलं ते कोणालाच कळत नाही.

आणखी एक खोटं दुरुस्त करायचं राहिलं होतं. ती शेवटची फळ्यापाशी उभी होती एवढंच मी तुला लिहिलं होतं. ती अख्खा तास उभी होती. कंसाबाहेरचं ते उणे चिन्ह. तिला येईना. मी म्हटलं, येईपर्यंत उभी राहा, वर्गाला करमणूक होते आहे. मुलं हसली, मीही हसलो. आठ दिवसांनी स्लाइडनं मला दाखवलं की निम्म्या वर्गाला ते येत नव्हतं. तरीही मला ती आठवली नाही.

मी सरळ ऑफिसात गेलो. क्लार्कबाबूंनी रजिस्टरात तिच्या नावावर लाल रेघ मारलेली होती, शनिवारीच. माझ्याच सहीनं. तिथे उभं राहून अर्ज लिहिला, रेघेवर पुन्हा सही केली. नाव परत आलं. तिला यातलं काही सांगितलं नाही.

ती आली, तिची शाळा वाचली, मला आनंद व्हायला हवा होता. मला तिचा राग आला. घरी येताना ऑटोत बसून मी त्या चौदा वर्षांच्या मुलीवर मनातल्या मनात चिडत होतो की ती तू का नाहीस. माझी माफी तुझ्यासाठी होती आणि ती दुसऱ्याच कोणाच्या मुलीनं नेली. नंतर वाटलं, मी तिची मागायलाच हवी होती, आणि मागितली नसतीच. मग चुकीच्या मुलीला दिलेली बरोबर माफी म्हणायची की काय म्हणायचं? अजून कळत नाही.

काल संध्याकाळी तुझ्या आईपुढे बसलो आणि पहिल्या सदतीसपासून सगळं सांगितलं. ती भाजी निवडायची थांबली. म्हणाली, “अहो, तो फोटो मी नूपुरला पाठवलाच नाही. तुमचा विषय काढायचा नाही असं तिनं पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं आहे.” मी विचारलं, आणि माझी पत्रं? ती खाली बघून म्हणाली, पत्रं मिळतात तिला. टाकत नाही. दुकानात एका खोक्यात ठेवते. फोडत नाही.

रागावलो नाही मी तिच्यावर. तिनं तीन वर्षं दोन्हीकडे तोंड मिटून सांभाळलं, आणि मी आपला पेपर वाचत बसलो.

म्हणजे तू कधीच नव्हतीस. ते सावकाश येणारं उत्तर, ती ओळ, परिघाची चूक, त्यातलं काहीच तुझं नव्हतं. मोठं अक्षरही फुकट गेलं. हे सगळं मी कोणाला लिहीत होतो? हे पत्रसुद्धा तू फोडणार नाहीस हे माहीत असून का लिहितो आहे? सवय म्हणून असेल. इतक्या पानांत तुझ्याशी जेवढं बोललो तेवढं तू घरात होतीस तेव्हा बोललो नव्हतो, म्हणूनही असेल. खोक्यात ठेव.

आज वर्गात पियाली पुन्हा शेवटीच होती. मी थांबलो. तिला वेळ लागतो. तुलाही लागायचा.

पाकिटात घातलेलं तुला पोचत नाही एवढं आता मला कळलं आहे. सकाळी पोस्टात जाऊन येतो.

बाबा

(पोस्टकार्ड. पत्ता: नूपुर श्यामसुंदर बापट, सायकल दुरुस्तीचं दुकान, नाशिक)

१३ ऑगस्ट

नूपुर,

तीन वर्षांपूर्वी कोलकात्यात मंडळाच्या गणपतीला भर पंगतीत मी म्हणालो की आम्हाला मुलगी नाही. ते खोटं होतं. आम्हाला मुलगी आहे आणि ती सायकली दुरुस्त करते. तुझी काही चूक नव्हती. चूक माझी होती. मला माफ कर.

हे कार्ड दुकानाच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवलं आहे. ज्याच्या हातात पडेल त्यानं मोठ्यानं वाचलं तरी चालेल.

बाबा